कल्हईइतका थर

भुसावळहून नागपूरकडे निघाले की मलकापूर येण्याआधी बोदवड स्टेशन लागते. एक्स्प्रेसमधल्या प्रवाशाला पाटीवरचे नाव वाचायलाही सवड मिळत नाही. पण या परिसराचा कापूस दीडशे वर्षांहून अधिक काळ ज्या वाटेने मुंबईला आणि पुढे जगात गेला, त्या वाटेवरचे हे एक ठाणे आहे. खानदेशच्या कापसाचा इतिहास लिहिताना आपण भाव, सावकार, दुष्काळ आणि अमेरिकेतले यादवी युद्ध यांच्याविषयी लिहितो. ते लिहायलाच हवे. आज मात्र मला त्याच वाटेवरच्या एका अगदी बारीक गोष्टीविषयी लिहायचे आहे. ती इतकी बारीक आहे की तिची जाडी अनेकदा माणसाच्या केसाहूनही कमी भरते. कठीण धातूवर चढवलेला मऊ धातूचा पातळ थर, एवढेच तिचे वर्णन. कापसाची गाठ हलली ती या थराच्या जोरावर, आणि तो चढवणाऱ्या माणसांचे नाव कुठल्याही वहीत नाही.

कापसाची वाट

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेश आणि शेजारचा वऱ्हाड हे तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांच्या नजरेत भरले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लोहवाट याच दशकात खानदेशातून पुढे सरकली. भुसावळला तिचे दोन फाटे झाले. एक वऱ्हाडातून नागपूरकडे गेला आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. दुसरा खांडव्यावरून जबलपूरकडे गेला आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता जोडली गेली. बोदवड पहिल्या फाट्यावर आहे.

शेतातून निघालेला कापूस तीन टप्प्यांनी पुढे जाई. पहिला टप्पा बैलगाडीचा, दुसरा जिनिंग-प्रेसिंगचा, तिसरा रेल्वेच्या वाघिणीचा. तिन्ही ठिकाणी काहीतरी गोल फिरत असते आणि कशावर तरी घासत असते. गाडीचा लोखंडी आस चाकाच्या तुंब्यात फिरतो. जिनातला लांबलचक शाफ्ट बेअरिंगमध्ये फिरतो. वाघिणीचा आस ॲक्सल बॉक्समध्ये फिरतो. घासले की तापते, तापले की झिजते, आणि कापसाच्या शेजारी तापलेले लोखंड म्हणजे काय हे खानदेशात कुणाला सांगायला नको.

बैलगाडीवाल्याने यावर आपला उपाय कधीच शोधला होता. गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. एरंडेलात चिंधी बुडवून ती आसाला चोपडायची आणि चाक पुन्हा बसवायचे. रेल्वेच्या सुरुवातीच्या काळात आपल्याकडे इंजिनांच्या वंगणालासुद्धा एरंडेलच वापरले गेले, इतके ते भरवशाचे. पण गाडीचा आस मिनिटाला मोजून काही फेरे घेतो. जिनाचा शाफ्ट आणि वाघिणीचा आस शेकड्यांनी फेरे घेतात, तेही मोठ्या वजनाखाली. तिथे नुसते तेल पुरत नाही.

एकाच यंत्रात दोन प्रकारचे घर्षण

कापूस पिंजून सरकी वेगळी करण्याचे आपल्याकडचे यंत्र मुख्यतः रोलर जिन आहे. अमेरिकेतल्या फोन्स मॅकार्थीने १८४० मध्ये त्याचे पेटंट घेतले. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या इंग्लिश कारखान्यांनी ते हिंदुस्थानात आणले आणि दोन रोलरचा त्याचा सुधारलेला अवतार आजही आपल्या जिनांतून चालतो.

त्याची रचना साधी आहे. चामड्याचा खरखरीत रोलर फिरतो. त्याला एक स्थिर पाते दाबून धरलेले असते. कापसाचे तंतू चामड्याला चिकटून पात्याखालून ओढले जातात. सरकी मात्र पात्याच्या कडेला अडते, आणि वरखाली होणारे दुसरे पाते तिला झटका देऊन खाली पाडते. म्हणजे रुई आणि सरकी वेगळी होते ती निव्वळ घर्षणाने. रोलर गुळगुळीत झाला की तंतू निसटतात आणि उतारा घटतो. म्हणून रोलरवर पुन्हा पुन्हा खाचा पाडाव्या लागतात.

याच यंत्रात, हातभर अंतरावर, बेअरिंगमध्ये नेमके उलटे हवे असते. तिथे घर्षण जितके कमी तितके बरे. रोलरवरचे घर्षण पैसे मिळवून देते आणि बेअरिंगमधले कोळसा खाते. जिनात काम करणाऱ्या माणसाला ही दोन घर्षणे वेगवेगळी ओळखता यायला हवीत. रोलर किती घासतो हे तो रुईवरून पाहतो, बेअरिंग किती घासते हे हात लावून पाहतो. तळहात टिकत नसेल तर पट्टा उतरवायचा. हवेत कापसाचा भुगा तरंगत असताना तापलेल्या बेअरिंगकडे दुर्लक्ष केले तर पुढची पाळी आगीच्या बंबाची.

मऊ धातूचे अस्तर

लोखंडी शाफ्ट लोखंडी बैठकीत फिरवला तर दोन्ही एकमेकांना ओरबाडतात. पितळ किंवा ब्राँझची बैठक बरी, पण तीही जड वजनाखाली तापते. या अडचणीवर अमेरिकेतल्या आयझॅक बॅबिट या कारागिराने १८३९ मध्ये पेटंट घेतले. त्याची मूळ मिश्रधातू जवळजवळ नव्वद टक्के कथिलाची होती, बाकी थोडा अँटिमनी आणि थोडे तांबे. अँटिमनी म्हणजे ज्याच्या खनिजापासून सुरमा करत आले आहेत तो धातू. अमेरिकन काँग्रेसने पुढे बॅबिटला वीस हजार डॉलर दिले आणि हा शोध सरकारी कामात वापरण्याची मुभा घेतली.

कथील इतके मऊ की त्याची कांडी हाताने वाकते. असा धातू शेकडो मणांच्या वजनाखाली कसा टिकावा? बॅबिटने त्याची नुसती बैठक केली नाही. त्याच्या पेटंटचा गाभाच असा की बाहेर कठीण धातूचे कवच, आत मऊ धातूचे अस्तर, आणि अस्तर बाहेर सांडू नये म्हणून कवचाला कडा. वजन पेलायचे कवचाने, घासायचे अस्तराने. रेल्वेने ही पद्धत उचलली. आपल्याकडे या धातूला व्हाइट मेटल किंवा नुसते बॅबिट म्हणतात आणि तो बैठकीत ओतण्याच्या कामाला ‘बेअरिंग भरणे’ म्हणतात.

जुन्या वाघिणींच्या प्रत्येक आसाच्या टोकाला एक ॲक्सल बॉक्स असे. आत आसाच्या टोकावर व्हाइट मेटलचे अस्तर दिलेले पितळी बेअरिंग बसलेले असे आणि खालून तेलात भिजवलेल्या सुताच्या किंवा लोकरीच्या बोळ्यांनी आसाला तेल पोहोचत राही. बोळा सरकला, तेल संपले किंवा आत वाळू शिरली की बेअरिंग तापे. याला रेल्वेत हॉट ॲक्सल म्हणतात. कथील २३२ अंशांना वितळते, आणि मिश्रधातूही त्याच्या थोडे पुढेमागे मऊ पडते. अस्तर वितळून गेले की पितळ थेट पोलादाला लागते, आस लाल होतो, आणि चालत्या गाडीत त्याचे टोक तुटले तर डबा रुळावरून उतरतो.

म्हणून जंक्शनवर गाडी थांबली की तपासनीस हातोडी घेऊन गाडीच्या कडेने चालत जात. एकेका बॉक्सला हात लावायचा, जळक्या तेलाचा वास येतो का पाहायचे, गाडी येताना चाकांचा आवाज ऐकायचा. भुसावळसारख्या जंक्शनवर, जिथे दोन मुख्य मार्ग मिळतात, या कामाला रात्र-दिवस नव्हता. बोदवडला भरलेल्या गाठी सुखरूप मुंबईला पोहोचायच्या तर त्या वाटेवर असे कितीतरी तळहात लागत.

बेअरिंग कसे भरत

आता मूळ मुद्द्याकडे येतो. व्हाइट मेटल वितळवून पितळी कवचात नुसते ओतले तर ते चिकटत नाही. थंड झाले की सुटे होते, आणि वजन पडले की तडकून पडते. ते चिकटावे म्हणून आधी कवचाच्या आतल्या बाजूला शुद्ध कथिलाचा पातळ हात द्यावा लागतो. म्हणजे आपल्या भाषेत, बेअरिंगला कल्हई करावी लागते.

कृती अशी. जुने अस्तर तापवून काढून टाकायचे. कवच सोड्याने आणि आम्लाने धुऊन त्यावरचा तेलाचा अंश घालवायचा. मग ते तापवून त्यावर नवसागर किंवा जस्त विरघळवलेले आम्ल लावायचे, म्हणजे धातूवरचा गंज आणि पापुद्रा निघून जातो. त्या उघड्या पडलेल्या धातूवर कथील फिरवायचे. ते पाऱ्यासारखे पसरते. ते ओले असतानाच मधोमध शाफ्टच्या मापाचा गज उभा करायचा, फटी मातीने लिंपायच्या आणि वितळलेला व्हाइट मेटल एका धारेत ओतायचा. धार तुटली तर सांधा राहतो.

धातू नीट तापला का हे पाहायला सगळीकडे थर्मामीटर नसे. वाळलेल्या लाकडाची काडी त्यात बुडवायची. ती लगेच पेटली तर जास्त तापला, नुसती तपकिरी होऊन करपली तर बरोबर. भरलेले बेअरिंग थंड झाल्यावर टांगून हातोडीने हलके वाजवायचे. खणखणीत नाद आला तर अस्तर चिकटले. बद्द आवाज आला तर कुठेतरी कल्हई धरलेली नाही आणि सगळे काम पुन्हा. त्यानंतर शाफ्टला सिंदूर किंवा निळा रंग लावून तो बेअरिंगमध्ये फिरवायचा, जिथे रंग लागेल तो उंचवटा स्क्रेपरने हलकेच खरवडायचा, पुन्हा फिरवायचा. हे तासन्‌तास चाले.

हे काम करणाऱ्याला कथिलाचा थर किती पातळ असावा हे कुणी आकड्यात सांगितले नव्हते. त्याच्या उस्तादाने त्याला एवढेच सांगितले असणार की कल्हई झाली पाहिजे, लेप होता कामा नये.

कल्हई हा शब्द

भांड्यांना कल्हई करणारा माणूस आपल्यापैकी चाळिशीपुढच्या सगळ्यांनी पाहिला आहे. गल्लीच्या कोपऱ्यावर खड्डा, त्यात कोळसे, कडेला भाता. मोठ्या पातेल्यात पाय ठेवून, वाळू आणि फडक्यावर कंबर वळवत तो ते आतून घासून काढी. मग भांडे तापवायचे, नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर उठला की कथिलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते कथील आतून फिरवायचे. काळे-तांबडे भांडे क्षणात चांदीसारखे होई. मग पाण्यात चर्र. आम्ही पोरे तो चर्र ऐकण्यासाठी बसून राहायचो. त्या बोळ्यातला कापूस याच मातीतला असे, हे तेव्हा लक्षात यायचे कारण नव्हते.

शब्द मात्र लांबून आला आहे. अरबीत कथिलाला ‘कलई’ म्हणतात आणि या नावाचा संबंध ‘कलह’ या बंदराशी जोडला जातो. दहाव्या शतकाच्या आसपासच्या अरब भूगोलकारांनी या बंदराचा आणि तिथल्या कथिलाचा उल्लेख केला आहे. अभ्यासक हे ठिकाण मलाया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर मानतात. हिंदुस्थानात कथिलाचे साठे फार थोडे, बस्तरसारख्या भागात काय ते थोडेफार. त्यामुळे आपल्याकडचे बहुतेक कथील समुद्रावरूनच आले, आणि ज्या व्यापाऱ्यांनी ते आणले त्यांचा शब्दही त्याच्याबरोबर आला. फारसी, उर्दू, मराठी, गुजराती, पोर्तुगीज अशा कितीतरी भाषांत तो रुजला.

इंग्रजी अमदानीतल्या मुंबई इलाख्याच्या जिल्हा गॅझेटिअरांत मुसलमान कारागिरांच्या याद्या आहेत. त्यांत कलईगर वेगळे नोंदलेले आढळतात. तांबट भांडे घडवणार आणि कलईगर त्याला आतून अस्तर देणार, अशी ही कामाची वाटणी. गॅझेटिअर लिहिणाऱ्याने त्यांचा पेहराव, लग्नाचे रिवाज आणि दारूची सवय याविषयी लिहिले. त्यांच्या हातातल्या कामाविषयी एखाद-दुसरी ओळ. कथील धातूला का धरते, किती धरते, कधी सुटते, हे त्यांना काय ठाऊक होते, ते कुणी विचारले नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. भांड्याची कल्हई घर्षण कमी करण्यासाठी नसते. आंबट पदार्थाने तांबे-पितळ कळकते, ते कळकू नये म्हणून ती असते. पण कठीण धातूवर मऊ धातूचा एकजीव, पातळ थर कसा बसवायचा, ही विद्या दोन्हीकडे एकच आहे. नवसागर तोच, कथील तेच, ‘धरले’ की नाही हे ओळखणारी नजर तीच.

एक जुने कोडे

आता प्रश्न असा की मऊ धातूने घर्षण कमी का व्हावे, आणि तो पातळच का हवा?

फ्रान्समध्ये आमाँताँने १६९९ साली आणि पुढे कूलाँने १७८५ मध्ये घर्षणाचे नियम मांडले. वजन दुप्पट तर घर्षण दुप्पट, आणि वस्तू आडवी ठेवा की उभी, टेकणाऱ्या बाजूच्या आकाराने फरक पडत नाही. नियम बरोबर निघाले, पण त्यामागचे कारण दीडशे वर्षे नीट सापडले नाही.

इंग्लंडमध्ये बोशाँ टॉवरने १८८३ च्या सुमारास रेल्वेच्या आसासारख्या बेअरिंगवर प्रयोग केले. तेल सोडण्यासाठी बेअरिंगच्या माथ्यावर पाडलेल्या छिद्रातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. त्याने बूच मारले, तर तेलाने बूच उडवले. म्हणजे फिरता आस तेलाला स्वतःच आपल्याखाली ओढून घेतो आणि त्या तेलाच्या दाबावर तरंगतो. ऑसबॉर्न रेनॉल्ड्‌सने १८८६ मध्ये याचे गणित मांडले. पण हे तरंगणे गाडी चालू असताना. गाडी निघते आणि थांबते तेव्हा आस तेलावर नसतो, धातूवर टेकलेला असतो. बेअरिंगची खरी परीक्षा त्या क्षणांत होते.

त्या क्षणांचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात मिळाले. टास्मानियात जन्मलेले फिलिप बाउडन आणि लंडनचे डेव्हिड टेबर हे दोघे केंब्रिजचे संशोधक तेव्हा मेलबर्नमध्ये काम करत होते. विमानांच्या इंजिनांची बेअरिंगे हा त्यांच्या प्रयोगशाळेपुढचा रोजचा प्रश्न होता. १९४३ मध्ये त्यांनी पातळ धातुथरांनी होणाऱ्या वंगणावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातला विचार असा.

आपल्याला गुळगुळीत दिसणारे दोन पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरासारखे असतात. एकावर एक ठेवले की फक्त काही शिखरे शिखरांना टेकतात. वजनाने ती चेपतात आणि तिथे धातू धातूला चक्क चिकटतो. वस्तू ओढायची म्हणजे हे चिकटलेले सांधे तोडायचे. तेव्हा घर्षण म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार झाला: खरोखर टेकलेले क्षेत्र किती, आणि सांधा तोडायला जोर किती.

पोलादावर पोलाद असेल तर टेकलेले क्षेत्र अगदी थोडे, कारण पोलाद चेपत नाही. पण सांधे तोडायला फार जोर लागतो. उलट शिसे किंवा इंडियमचा जाड ठोकळा घेतला तर सांधे सहज तुटतात, पण ठोकळा वजनाखाली चेपतो आणि टेकलेले क्षेत्र खूप वाढते. एक आकडा लहान केला की दुसरा मोठा होतो. म्हणून नुसता कठीण धातू काय आणि नुसता मऊ काय, घर्षण फारसे उतरत नाही.

पोलादावर मऊ धातूचा अत्यंत पातळ थर दिला तर काय होते? वजन पेलते ते खालचे पोलाद, म्हणून टेकलेले क्षेत्र लहानच राहते. आणि तुटतो तो वरचा मऊ थर, म्हणून जोरही थोडाच लागतो. दोन्ही आकडे एकाच वेळी लहान. कोरड्या पोलादावर पोलाद घासताना घर्षणाचा गुणांक ०.५ च्या वर सहज जातो. इंडियमचा पातळ थर दिलेल्या पोलादावर तो ०.१ च्या खाली उतरला, तेही तेलाचा थेंब न वापरता.

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. पावसाळ्याच्या पहिल्या सरीनंतर शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती डांबरी रस्त्यावर पडते आणि तिचा पातळ चिखल होतो. त्यावर मोटरसायकल हमखास घसरते. तीच मोटरसायकल शेतातल्या हातभर चिखलात घाला. ती घसरत नाही, रुतते. आणि कोरड्या डांबरावर ती नीट चालते. माती तीच, डांबर तेच. खाली टणक, वर मऊ आणि मऊ थर पातळ, हे तिन्ही जुळले की घसरण होते. रस्त्यावर ती जीव घेते आणि बेअरिंगमध्ये तीच हवी असते.

थर किती पातळ हवा यालाही मर्यादा आहे. फार पातळ झाला तर खालची शिखरे त्यातून डोके वर काढतात आणि पुन्हा ओरबाडणे सुरू होते. जाड झाला तर चिखलासारखे रुतणे सुरू होते. इंडियमसाठी नेमकी जागा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास निघाली. शिवाय असा थर झिजतो, तेव्हा त्याची भरपाई करणारे काहीतरी लागते. तांबे आणि शिसे यांच्या बेअरिंगमध्ये ती सोय असते. तांब्याच्या सांगाड्यातल्या कप्प्यांत शिसे असते, घासून तापले की ते बाहेर येते आणि पृष्ठभागावर पातळ पसरते.

आणखी एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. १९४२ च्या सुरुवातीला जपानने मलाया आणि सिंगापूर घेतले. जगाच्या कथिलाचा मोठा वाटा त्या भागातून येई. ज्या किनाऱ्याने आपल्याला कल्हई हा शब्द दिला तोच किनारा तुटला आणि कथील सगळीकडे दुर्मिळ झाले. कमीत कमी मऊ धातूत काम कसे भागवायचे, या प्रश्नाला त्या वर्षांत वेगळेच वजन होते.

त्यानंतर

बाउडन आणि टेबर यांचा ग्रंथ १९५० मध्ये आला आणि या विषयाचा पाया ठरला. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये पीटर जोस्ट यांच्या अहवालाने या विद्येला ट्रायबॉलॉजी हे नाव दिले. ग्रीकमध्ये ‘ट्रायबॉस’ म्हणजे घासणे.

आज गॅरेजमध्ये मिस्त्री म्हणतो, ‘इंजिनाचे मेटल गेले.’ तो ज्याला मेटल म्हणतो ती पातळ अर्धगोल पट्टी असते. पाठीला पोलाद, त्यावर तांबे-शिसे, आणि सगळ्यात वर साधारण वीस मायक्रॉनचा मऊ धातूचा मुलामा. हे बॅबिटचेच अस्तर, फक्त पातळ होत होत आलेले. भारतीय रेल्वेच्या कितीतरी जुन्या विद्युत आणि डिझेल इंजिनांत ट्रॅक्शन मोटर आसावर ज्या बेअरिंगने टेकत असे, ती व्हाइट मेटलचीच होती. पुढे तिथेही रोलर बेअरिंग आली.

आणि जिथे तेल चालतच नाही अशाही जागा आहेत. जळगावच्या एखाद्या दवाखान्यात सीटी स्कॅन होते तेव्हा यंत्राच्या नळीत, निर्वात पोकळीत, तापलेली धातूची तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेत असते. तिथे तेल घातले तर ते उडून जाईल आणि पोकळी बिघडवेल. अशा नळ्यांत तबकडीच्या बेअरिंगच्या गोळ्यांना चांदीचा किंवा शिशाचा पातळ थर देतात. उपग्रहांच्या फिरत्या भागांत शिशाचा थर वापरतात, आणि तो एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. मिठाईवरच्या वर्खाइतका म्हणा.

हिशोबाची दुसरी बाजू

ही गोष्ट नुसत्या कौतुकाने संपवली तर ती अर्धी राहील. बेअरिंगमध्ये शिसे गुणाचे, पण तेच भांड्यात आले तर विष. शिसे कथिलाहून स्वस्त असते, म्हणून कल्हईत ते मिसळण्याचा मोह होतो. जाणते कारागीर कथिलाची कांडी कानाशी धरून वाकवत. शुद्ध कथील वाकताना करकरते, शिसे मुकाट्याने वाकते. ज्याला हा आवाज ओळखू येई त्याच्या हातचे भांडे भरवशाचे. हा आवाज ओळखणे हे एका मोहल्ल्याच्या आरोग्याचे राखणे होते. त्याची मजुरी चार-आठ आणे.

आणि ज्यांनी हे थर चढवले त्यांच्या छातीत नवसागराचा आणि शिशाचा धूर गेला. भाता ओढणारी पोरे दहा-बारा वर्षांची असत. बंद खोलीत बेअरिंग भरणाऱ्याच्या तोंडावर फार तर एक ओला रुमाल. शिशाचे रक्तातले कुठलेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्यांना ते कुणी सांगितले नाही.

आता स्टीलची भांडी आली, रोलर बेअरिंग आली, कल्हईवाल्याची आरोळी थांबली. त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. धूर कमी झाला हे चांगलेच झाले. मला खटकते ते वेगळे आहे. बाउडन-टेबर यांनी जे समजावून सांगितले ते त्यांच्या आधी शंभर वर्षे कारागिरांच्या हातात होते. त्यांना त्याचे कारण माहीत नव्हते, पण कृती माहीत होती, आणि चुकली कुठे हे आवाजावरून सांगता येत होते. कारण शोधणाऱ्यांची नावे राहिली, आणि ती राहायलाच हवीत. कृती करणाऱ्यांचे एकही नाव राहिले नाही. आमच्या समाजात इतिहास म्हटले की लोक बादशहांकडे आणि सुफींकडे पाहतात. ज्या हातांनी खानदेशच्या जिनांची आणि गाड्यांची बेअरिंगे भरली, त्या सगळ्या जातिधर्मांच्या हातांकडे पाहायला कुणाला सवड झाली नाही. त्यांत कलईगरही होते, तांबट-लोहारही होते, रेल्वेच्या वस्तीत कुठून कुठून आलेली माणसेही होती.

बोदवड, भुसावळ, मलकापूर या पट्ट्यात अजून अशी काही म्हातारी माणसे असतील ज्यांनी जिनात किंवा रेल्वेत बेअरिंग भरले, नाहीतर भाता ओढला. आपल्या घरात असे कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. काडी किती करपली की धातू तयार समजायचा? बद्द आवाज कसा असतो? कल्हई आणि लेप यांतला फरक तुम्हाला कुणी, कसा शिकवला? त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा, तारखेसह. कारण त्यांनी भरलेली बेअरिंगे केव्हाच भंगारात किलोवर गेली, आणि भंगारवाला वजन करताना कोणी भरले ते विचारत नाही.